इंदूकाकू आणि भानूचा तिसरा भाग

परवा माझ्या जुन्या शाळेतल्या गावंडे सरांचा फोन आला. "म्याडम, भानू पिच्चरचा चौथा भाग येऊन राह्यला," एवढं बोलून ते थांबले आणि मीही थांबले. ही बातमी ज्यांना सगळ्यात आधी द्यायची, त्या इंदूकाकू आता नाहीत. त्या असत्या तर फोन मला आलाच नसता. सर सरळ त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले असते, आणि चौथ्या भागात भानूचं काय व्हायला पाहिजे यावर दिवेलागणीपर्यंत भांडण चाललं असतं.

फोन ठेवल्यावर मी सवयीने कागद घेतला आणि काकूंबद्दलचे मुद्दे काढायला बसले. माहेर पुसदच्या बाजूचं. शिक्षण सातवी. मूलबाळ नाही. नवरा बराच आधी गेलेला. शेती स्वतः करायच्या. एवढ्यात यादी संपली, आणि काकू तर त्यात कुठेच आल्या नव्हत्या. तेव्हा कागद बाजूला ठेवला आणि जसं आठवतंय तसं लिहायचं ठरवलं.

रिसोडहून जीपने अर्ध्या-पाऊण तासावरच्या त्यांच्या गावात मी शाळेवर रुजू झाले, तेव्हा खोली बघायला त्यांच्याकडे गेले होते. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. उंच, हाडापेराने रुंद बाई. डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला. मी खोलीचं विचारलं, नळाचं विचारलं, संडासाचं विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

"पिच्चर पाह्यता का म्याडम?"

"कधीमधी."

"पाह्यता तं पुरा पाह्यता का अर्धा?"

"पुरा."

"मंग या राह्यले."

पिक्चर पुरा पाहणे हा काकूंच्या घरचा एकमेव नियम होता. पाट्या सुरू होण्याआधी बसायचं, शेवटची पाटी जाईपर्यंत उठायचं नाही. एकदा आम्ही वाशिमला गेलो, तर एसटी रस्त्यात बंद पडली आणि टॉकीजवर पोचेपर्यंत खेळ सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. डोअरकीपर म्हणाला, "जा ना आजी, काही नाही झालं अजून, नुस्तं गाणं झालं." काकू म्हणाल्या, "त्या गाण्याच्या आधी तो कसा व्हता, ते तू सांगशीन का मले?" आणि पुढच्या खेळापर्यंत आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर शेंगा खात बसलो. त्या चिडल्या नव्हत्या. पाहुण्याच्या घरी जेवण तयार व्हायची वाट बघावी तशा शांतपणे बसल्या होत्या.

त्यांच्याकडे एक वेगळा चष्मा होता. लांबचं बघायचा. तो फक्त टॉकीजमध्ये लागायचा. एरवी शेतात, बाजारात, लग्नात त्या बिनचष्म्याच्या फिरायच्या. मी एकदा म्हटलं, काकू, रस्त्यावर तरी लावत जा. त्या म्हणाल्या, "रस्त्यावर काय पाह्याचं हाये एवढं?"

पिक्चर संपल्यावर गाणी, कपडे, हिरॉइन यांच्याबद्दल त्या एक अक्षर बोलत नसत. त्यांचा प्रश्न ठरलेला: "समोर गेला का मांगं आला?" आमच्याकडे समोर म्हणजे पुढे. पिक्चरच्या सुरुवातीला जो माणूस होता, तो शेवटी तिथून पुढे सरकला की मागे आला, एवढंच त्यांना हवं असायचं. जागच्या जागी राहिला असेल, तर त्या पिक्चरबद्दल घरी पोचेपर्यंत विषय निघत नसे.

हाच प्रश्न त्या टीव्हीच्या मालिकांनाही लावत. एका मालिकेतली सासू वर्षभर छळ करून शेवटी सुनेपुढे रडली होती. काकूंनी त्या दिवशी शिरा केला होता. मग मालिका काही वर्षं पुढे गेल्याचं दाखवलं आणि तीच सासू पुन्हा दुधात काहीतरी कालवताना दिसली. काकूंनी टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला येऊन त्या बंद टीव्हीसमोर बसल्या. मी विचारलं, दुसरं काही लावू का. "नको. तिची येळ हाये ही," त्या म्हणाल्या. आठवडाभर त्या अर्धा तास अशा बसत होत्या, सुतकात बसल्यासारख्या. मग उठल्या आणि ती मालिका पुन्हा कधी लावली नाही.

माणसं सुधारतात यावर त्यांचा जो विश्वास होता, तो भाबडा होता असं मात्र कोणी समजू नये. आणि तो दरवेळी बरोबर ठरायचा असंही नाही. एक मारका बैल त्यांनी, सगळ्यांनी नको नको म्हणत असताना, घरी आणला. त्याच्याशी बोलत, त्याच्या पुढ्यात बसून चारा घालत त्याला माणसाळवला. गावभर सांगितलं, की आता तो गरीब झाला. महिन्याभराने त्याच बैलाने त्यांना गोठ्याच्या कुडावर आपटलं. मी आयोडेक्स चोळत होते, तर म्हणाल्या, "मी मांगून गेली ना त्याच्या. आवाज नाई देला. माही चुकी." पण नंतर त्याच्या शिंगांना रबरी टोपणं लावून घेतली. विश्वास वेगळा आणि टोपणं वेगळी, हा हिशेब त्यांना पक्का कळत होता.

आता प्रल्हादभाऊंबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

प्रल्हादभाऊ म्हणजे काकूंचे दीर. अंगण एकच, मध्ये कंबरेएवढी भिंत. कमी बोलणारे, खाली बघून चालणारे. त्यांची मुलगी वैष्णवी नर्सिंग शिकून वाशिमला एका दवाखान्यात कामाला लागली होती, आणि सुट्टीला आली की आमच्याच खोल्यांत असायची. मी गावात राहायला येऊन आठवडा झाला नसेल, तेव्हा बसस्टँडवर पानठेल्यावाल्याने मला विचारलं, "इंदूकाकूच्या घरी राह्यता का? तो सुडी जाळणारा राह्यते ना तठी?"

सुडी म्हणजे कापलेलं सोयाबीन मळणीच्या आधी शेतात रचून ठेवतात तो ढीग. घरचं वर्ष त्या ढिगात असतं. ती जाळणं हे आमच्या भागात खुनाच्या खालोखालचं समजतात. काकूंचे यजमान वारले, त्याच्या पुढच्याच हंगामात, धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणावरून, दारूच्या नशेत प्रल्हादभाऊंनी काकूंची सुडी पेटवली होती. ही गोष्ट वैष्णवी लहान होती तेव्हाची. पण बसस्टँडवर ती अजून कालची होती. प्रल्हादभाऊंचं दुसरं काही वर्णन तिथे कोणाला येतच नव्हतं. बाहेरगावचा कोणी त्यांचं घर विचारत आला, की तेच वाक्य सांगून मग रस्ता दाखवायचे.

त्या वाक्याने वैष्णवीची दोन स्थळं मोडली. पाहुणे बसस्टँडवर उतरले, चहा प्यायले, चौकशी केली आणि तिथूनच परतीच्या जीपमध्ये बसले. घरी केलेले पोहे आम्ही खाल्ले.

दुसरं स्थळ मोडलं त्याच्या नंतरच्या महिन्यात भानूचा तिसरा भाग लागला.

भानू कोण हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते; काकूंनी थोडक्यात सांगू दिलं नसतं. पहिल्या भागात भानू दगडखाणीच्या मालकाचा गुंड असतो. हातात लोखंडी कांब. रागाच्या भरात तो आपल्या धाकट्या भावाचाच हात मोडतो, कायमचा. शेवटी कांब विहिरीत टाकून निघून जातो. दुसऱ्या भागात तो गावी परत येतो. लोक त्याला मारतात, तो हात उचलत नाही. भाऊ बोलत नाही. पिक्चरच्या अगदी शेवटी भाऊ चांगल्या हाताने त्याला पाण्याचा तांब्या देतो, आणि पडदा. हा दुसरा भाग आमच्या जिल्ह्यात फारसा चालला नाही. काकूंनी मात्र तो टॉकीजमध्ये पाहिला, मग वैष्णवीच्या फोनवर पाहिला, मग टीव्हीवर आला तेव्हा मळणीवाल्याला थांबवून पाहिला.

तिसऱ्या भागाला आम्ही चौघं गेलो. काकू, वैष्णवी, मी आणि आमच्या शाळेचे गणिताचे गावंडे सर. तिसऱ्या भागात पाचव्याच मिनिटाला भानू कांब फिरवत येतो. ती कुठून आली, विहिरीतून कोणी काढली, काही नाही. भाऊ तर नाहीच. त्याचं नावसुद्धा कोणी घेत नाही. टॉकीज शिट्ट्यांनी फुटत होती. मी बाजूला बघितलं, तर काकूंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. पण नियम म्हणजे नियम. शेवटच्या पाटीपर्यंत त्या बसून राहिल्या.

परतीच्या जीपमध्ये सर पुढे बसले होते. मागे वळून म्हणाले, "काय फायटिंग होती बाप्पा! पैसा वसूल."

अर्धा रस्ता गेल्यावर काकू पदर सावरून पुढे झुकल्या. मग म्हणाल्या, "सर, भानूचा भाऊ कुठी गेला?"

"कोणता भाऊ?"

"पाह्या. तुमालेबी इसर पडला."

"अवं काकू, दुसऱ्या भागात भानू नुस्ता मार खात होता. लोकायनं शिट्ट्या कुठी माराव? लोकायले कांब पाह्यजे."

"मी लोकायचं नाई इचारून राह्यली. भानूचं इचारून राह्यली."

सर चांगले वाद घालणारे. त्यांनी सीटवर मांडी वळवली आणि म्हणाले, "बरं, मंग भानूचं सांगतो. माणूस पलटत नाई का? दारू सोडलेला पुन्हा पेत नाई का? तुमी रोज पाह्यता. मूळ स्वभाव जात नसते काकू. मी तं म्हणतो तिसरा भागच खरा हाये. दुसराच खोटा व्हता."

वैष्णवी खिडकीबाहेर बघत होती. सरांच्या ते लक्षात आलं नाही. काकूंच्या आलं. पण त्या तिच्याकडे वळल्या नाहीत. सरांशीच बोलल्या.

"पलटते ना. काहून नाई पलटत? पडू द्या त्याले. मी कुठी म्हणतो का पडू नये? पण पडताना दिसू द्या. कांब उचलताना हात थरथरला का त्याचा? भाऊ आठवला का? सर, जो कधी चढलाच नाई त्याचं पडणं अलग असते. अन् चढून पडला त्याचं अलग. त्याले माहीत असते आपुन कुठून पडलो ते. ह्यायनं तं असं दाखवलं का भानू कधी चढलाच नव्हता. मंग मी दुसऱ्या भागात पाह्यलं ते काय व्हतं?"

"पिच्चर हाये वो काकू," ड्रायव्हर म्हणाला.

"पिच्चर हाये म्हणूनच. गावातल्या लोकायले टाइम नसते, ते माणूस एका वाक्यात सांगून देतेत. पिच्चरवाल्यापाशी तं तीन घंटे हायेत. त्यायनंबी एका वाक्यात सांगाव?"

मग सर म्हणाले, "काकू, तुमाले सेन्सॉर बोर्डात पाह्यजे व्हतं." सगळे हसले. वैष्णवीही हसली. पण मी त्या रात्री घरी येऊन भाजी चिरताना तेच वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते. चढून पडला त्याचं पडणं अलग. मला वाटलं होतं, ही बाई पिक्चर जास्त मनावर घेते. आता वाटायला लागलं, की बाकीचे आम्ही सगळे माणसं कमी मनावर घेतो.

त्यानंतर कामरगावचं स्थळ आलं.

मुलगा वैष्णवीच्याच दवाखान्यात औषधांच्या विभागात होता, दोघांची ओळख होती, पसंती होती. फक्त घरच्यांची चौकशी राहिली होती. आमच्याकडे चौकशीची एक रीत आहे: सोयरीक करायची तर भाऊबंदाला विचारा. शेजारी लाजेकाजेने चांगलं बोलेल, मित्र खोटं बोलेल, पण भाऊबंद कधी कौतुक करणार नाही. तो बरं बोलला, तर घर खरंच बरं. कामरगावच्या लोकांनी निरोपच पाठवला होता, की ते थेट काकूंकडे येतील.

आदल्या संध्याकाळी प्रल्हादभाऊ भिंतीपाशी येऊन उभे राहिले.

"वयनी, उद्या पाहुणे येऊन राह्यले. तुमाले इचारतीन."

"इचारू दे."

"सुडीचं..."

"सांगणार हाये मी."

भाऊ थोडा वेळ भिंतीवरची वाळू बोटाने लोटत राहिले. मग म्हणाले, "सांगा," आणि गेले.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, काकू, तुम्ही फक्त घर चांगलं आहे म्हणा. तेवढंच पुरे आहे. तुमच्या एका शब्दावर त्या मुलीचं सगळं आहे. काकू म्हणाल्या, "अन् जाताना बसस्टँडवर कोणी सांगतलं तं? मंग बसस्टँड खरा अन् मी खोटी. पल्हाद तं कुठीच नाई राह्यला त्यात." आणि थोड्या वेळाने, "पहिला भाग कापला तं दुसऱ्याले काय किंमत हाये म्याडम?"

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पाहुणे आले. मुलाचे वडील, त्यांचे मेहुणे आणि एक मध्यस्थ. ओसरीवर सतरंजी टाकली होती. मी पाणी दिलं आणि चहासाठी आत वळले, तर काकू म्हणाल्या, "चहा मंग, म्याडम. बसा तुमीबी."

मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला. "बाई, आमी स्टँडवर काही ऐकलं."

"खरं हाये ते," काकू म्हणाल्या. "सुडी माहीच व्हती."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. एक शब्द सौम्य केला नाही. यजमान गेल्यावर पहिलं पीक कसं आलं होतं. ते कापायला त्या स्वतः कशा वाकल्या होत्या. संध्याकाळी शेजारचा माणूस ओरडत आला तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. त्या पोचल्या तेव्हा सुडी आतून लाल झाली होती आणि प्रल्हाद धुऱ्यावर उभा राहून शिव्या देत होता, मेलेल्या भावालासुद्धा. "रिपोर्ट मीच देला. सही माही हाये. अंदर गेला तो. मी सोडवाले नाई गेली."

मुलाच्या वडिलांनी मेहुण्याकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात ठेवून उठू लागले. "समजलं बाई. तुमी खरं सांगतलं, आभार हायेत तुमचे. येतो आमी."

"बसा," काकू म्हणाल्या. "अजून इंटरवलबी नाई झालं."

मध्यस्थाला हसू आवरेना. वडील अर्धे उठलेले, तसेच खाली बसले.

"सुटून आला तं माफी मागाले नाई आला तो माह्याकडं. मी वाट पाह्यत व्हती, का येईन अन् मी त्याले हाकलून देईन. नाई आला. पेरणी आली. मी वावरात गेली तं हा माह्या वावरात तिफण धरून. त्याचं वावर पडीक तसंच. मी धुऱ्यावरून म्हटलं, माह्या मातीत पाय नको ठेवू. गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मी गोटे मारले त्याले. हे म्याडमले बी माहीत नाई. एक लागला कपाळाले. रक्त पुसलं अन् तिफणीचं तास पुरं केलं. मंग मी घरी आली. काय करता?"

पाहुणे ऐकत होते.

"सोंगणी झाली, सुडी लागली. संध्याकाळी हा माह्या दारात. बोलला नाई. खिसे उलटे केले दोन्ही. बिडी नाई, आगपेटी नाई. मले दाखवलं, अन् वावरात गेला. सुडीपाशी झोपला, मळणी होईपर्यंत. दर साली. अजूनबी जाते. अजूनबी पहिले माह्या दारात येऊन खिसे दाखवते. मी म्हटलं आता पुरं झालं पल्हाद. नाई ऐकत."

मी हे पाहिलं होतं. दर हंगामात संध्याकाळी भाऊ दारात येऊन क्षणभर उभे राहतात, हे मी कितीदा तरी पाहिलं होतं, आणि मला वाटायचं ते जेवायचं विचारायला येतात.

"दारू?" मेहुण्यांनी विचारलं.

"सोडली. एकदा पेला." काकूंनी ती गोष्टही ओसरीवर ठेवली. "बैलपोयाच्या दिवशी. मी आवाज ऐकला त्याचा, मले वाटलं झालं आता. तो आपल्या गोठ्यात गेला अन् आतून कडी लावून घेतली. उजाडेपर्यंत नाई निघाला. सकाळी येऊन म्हणे, वयनी, काल मी पेलो. तुमाले दुसऱ्याकडून समजू नये म्हणून सांगून राह्यलो. पहिल्या टायमाले पेला तं माह्या सुडीकडं गेला. या टायमाले पेला तं स्वतःले कोंडून घेतलं. पडला ना. पण हा पडणारा अलग व्हता भाऊ."

मुलाच्या वडिलांनी सतरंजीची सुरकुती हाताने सरळ केली. मग म्हणाले, "अन् आता समोर पेला तं? पोरगी आमच्या घरी आल्यावर?"

"त्याची हमी मी नाई देत. कोणाचीच नाई देत. तिसरा भाग निघाला नाई अजून. जेवढा मी पाह्यला, तेवढा पुरा सांगतला."

भिंतीच्या पलीकडे, गुरांच्या हौदाच्या काठावर प्रल्हादभाऊ बसलेले मला दिसत होते. पाठ आमच्याकडे. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"चहा ठेवा आता," मुलाचे वडील म्हणाले.

चहा झाला. जाताना ते पायरीवर थांबले. "बाई, आमची चौकशी केली का तुमी?"

"केली ना. धनज गावात तुमचे चुलतभाऊ हायेत ना, त्यायले इचारलं."

"काय सांगतलं त्यानं?"

"एका वाक्यात सांगतलं."

"काय?"

"ते नाई सांगत," काकू म्हणाल्या. "म्हणून तं तुमाले बसवून घेतलं अठी."

त्या माणसाचा चेहरा आधी पडला, मग तो असा मोठ्याने हसला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. तिसऱ्या दिवशी कामरगावहून होकार आला.

लग्न मे महिन्यात झालं. प्रल्हादभाऊंच्या दारातच मांडव होता. मला नेमकी तेव्हाच वाशिमच्या बदलीची ऑर्डर आली होती, म्हणून सामान बांधणं आणि लग्नाची कामं मी एकाच वेळी करत होते. हळदीच्या दिवशी पाच सुवासिनी बसल्या. काकू आत चुलीपाशी होत्या, वरणाच्या पातेल्यावर. वैष्णवीने हाक मारली, "मोठीमाय, ये ना."

"रीत नाई ती," काकू आतून म्हणाल्या. "मी नसतो लावत. लावा तुमी, लावा."

म्हाताऱ्या बायांनी माना डोलावल्या. बरोबर होतं. विधवा बाई हळद लावत नाही, हे काकूंना कोणी सांगायची गरज नव्हती. त्या स्वतःच इतकी वर्षं प्रत्येक लग्नात चुलीपाशी जाऊन बसत. जगातल्या कोणत्याही माणसाला पुढे सरकवायला निघालेली ही बाई इथे मात्र पाऊल उचलत नव्हती. मला वाईट वाटलं, पण मी काही बोलले नाही. तो माझा अधिकार नव्हता.

प्रल्हादभाऊ मांडवातून उठले. सुवासिनीच्या पुढ्यातली हळदीची वाटी त्यांनी उचलली, बायकांमधून वाट काढत आत आले आणि चुलीपाशी काकूंच्या समोर वाटी धरून उभे राहिले.

"वयनी."

"पल्हाद, लोकं बसले हायेत."

"बसू द्या."

"माह्या हातानं पोरीचं काही वाईट झालं तं?"

"तुमच्याच हातानं झालं हाये तिचं जे झालं ते," भाऊ म्हणाले. एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "मी हालत नाई अठून."

वरण उतू चाललं होतं. मी पातेलं उतरवलं. काकूंनी पदराला हात पुसले, वाटीकडे पाहिलं, भाऊंच्या कपाळाकडे पाहिलं. मग दोन्ही हात पूर्ण वाटीत घातले, चिमूटभर वगैरे नाही, आणि तसेच ओले पिवळे हात पुढे धरून त्या मांडवात गेल्या. म्हाताऱ्यांपैकी एक जण काहीतरी पुटपुटली. बाकीच्या सरकल्या आणि त्यांनी जागा केली.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझा टेम्पो भरला. काकूंचा निरोप घ्यायला मी गेले, तर त्यांना वेळ नव्हता. "येतच राहान ना तुमी, वाशिम का लांब हाये," म्हणाल्या आणि वळल्या. त्याच पावसाळ्यात, थोड्याशा तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यामुळे माझ्यासाठी शेवटच्या काकू त्या सकाळच्याच आहेत.

टेम्पो अंगणातून वळत होता. मांडव उतरवला होता. वर टाकलेली मोठी ताडपत्री, जी हंगामात सुडीवर टाकतात, ती अंगणभर पसरली होती. एका टोकाला प्रल्हादभाऊ, दुसऱ्या टोकाला काकू. दोघांनी कोपरे धरून ती ताणली, झटकली, आणि घडी घालायला एकमेकांच्या दिशेने चालू लागले. काकूंचे तळवे अजून पिवळे होते.

"कोपरा पाह्य, पल्हाद," त्या ओरडत होत्या, "कोपरा! तिरकी घडी नको घालू!"

भाऊ हसले, आणि कोपरा नीट जुळवून त्यांच्या हातात दिला.